आपल्याआधी फोन वाचतो

जुम्म्याच्या सकाळी शेजारच्या खाला फोन घेऊन आल्या. "बेटा, हा रोज अपडेट अपडेट करतोय. दाबलं तर दुबईच्या नातवाचे फोटो जातील ना? आणि मी तर कुठल्याच लिंकला हात लावत नाही. मग मला कसली भीती?"

शेवटची समजूत आम्हीच करून दिलेली. वर्गात मुलांना आणि पालकसभेत आयांना आम्ही सांगत आलो, की अनोळखी लिंक उघडू नका, म्हणजे झालं. हे अर्धंच खरं आहे.

कारण फोटो आपण पाहण्याआधी फोन तो वाचतो. फाईलमधले आकडे वाचून चित्र उभं करणारा तयार प्रोग्राम असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. एकच लायब्ररी अनेक ॲप वापरतात.

अँड्रॉइडवर हलती चित्रं, म्हणजे जिफ, वाचायला व्हॉट्सॲप अशीच एक लायब्ररी वापरत होतं. तिच्यातली चूक ऑक्टोबर २०१९ मध्ये एका संशोधकाने जगापुढे मांडली. चित्रासाठी ती मेमरीत जागा घेई. मुद्दाम बिघडवलेल्या फाईलमध्ये लागोपाठ दोन फ्रेमचा आकार शून्य लिहिला, की तीच जागा दोनदा रिकामी केली जाई. लॉजच्या वहीत एक खोली दोनदा रिकामी म्हणून लिहिली, तर मॅनेजर ती दोन पाहुण्यांना देणार. दुसरा चोर निघाला, तर पहिल्याचं सामान त्याच्या हाती! फोनमध्येही हल्लेखोराचा मजकूर असाच भलत्या खोलीत शिरतो आणि फोन त्याचा हुकूम मानू लागतो.

यात लिंक कुठेच नाही. तशी फाईल फोनमध्ये येऊन पडली आणि नंतर कुणाला फोटो पाठवायला व्हॉट्सॲपमधून गॅलरी उघडली, तरी पुरे होतं. अँड्रॉइड ८.१ आणि ९ च्या फोनवर हा धोका होता. व्हॉट्सॲपने २.१९.२४४ या आवृत्तीत तो दूर केला. कुणाला फटका बसल्याचं दिसत नाही, असंही सांगितलं. पुढच्याच महिन्यात एमपी४ व्हिडिओ वाचण्यातली दुसरी चूक उघड झाली, तेव्हा भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने इशारा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत मेमरीचीच चूक सापडली आणि क्रोम, फायरफॉक्सला तातडीने अपडेट द्यावे लागले.

म्हणजे अपडेट हे बहुतेक वेळा फुटलेल्या कुलपाच्या जागी बसवलेलं नवं कुलूप असतं. ॲप अपडेट केल्याने गॅलरीतले फोटो जात नाहीत. ॲप काढून टाकणं वेगळं. फोन जुना असेल, तरी निदान ॲप अद्ययावत ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. ग्रुपमधल्या प्रत्येक 'जुम्मा मुबारक'ला घरात घ्यायलाच हवं असं नाही.

खालांसमोरच अपडेट केलं. त्यांनी आधी गॅलरी उघडली. नातू जागेवर होता. सोमवारी वर्गात आम्हाला आमचं अर्धं वाक्य पुरं करायचं आहे.