वाईट वर्षाचा हिशेब

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये जीडीची प्रॅक्टिस सुरू होते. विषय ठरलेले असतात. त्यातला एक हमखास: 'विकास की पर्यावरण?' पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला आणि ज्याचा आवाज मोठा तो सिलेक्ट! शेवटी कुणीतरी 'दोन्हींचा समतोल साधला पाहिजे' असं गोड बोलतं आणि सगळे मेसकडे पळतात. समतोल म्हणजे नक्की किती लिटर, किती रुपये, हे कुणी विचारत नाही. आपण इंजिनिअर होणार ना? मग हे आपणच विचारायला नको का?

म्हणून आज एक खरीखुरी केस तुमच्यापुढे मांडते. ती आपल्याकडची नाही, स्पेनमधली आहे. पण तिचा निकाल लागून गेलाय. त्यामुळे पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेल्या गणितासारखी ती तपासता येते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!)

स्पेनच्या ईशान्येला आरागॉन नावाचा प्रांत आहे. त्यात मोनेग्रोस नावाचा उजाड माळ आहे. पाऊस वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण तालुक्यापेक्षाही कमी. वर कोरडा, बोचरा वारा. डिसेंबर २००७ मध्ये एका खाजगी कंपनीने आरागॉन सरकारच्या साक्षीने जाहीर केलं की या माळावर 'ग्रान स्काला' नावाची करमणूक-नगरी उभी राहणार. पाच थीम पार्क, ३२ कॅसिनो, ७० हॉटेलं, गोल्फ कोर्स, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. गुंतवणूक १७ अब्ज युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळजवळ एक लाख कोटी रुपये! आणि पाहुणे? वर्षाला अडीच कोटी. जागा ठरली ओंतिन्येना या गावाजवळ. गावाची लोकसंख्या साधारण ६००, म्हणजे आपल्या होस्टेलच्या दोन विंग मिळून जेवढे होतील तेवढी!

साहजिकच वाद पेटला. 'हो' म्हणणाऱ्यांना आपण पटकन लोभी म्हणून मोकळे होतो. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. मोनेग्रोसची गावं कित्येक वर्षं रिकामी होत चालली होती. मुलं शिकायला शहरात जातात, ती परत येत नाहीत. शाळेत पोरं नाहीत, दुकानाला गिऱ्हाईक नाही. अशा गावात कुणी येऊन 'हजारो नोकऱ्या देतो' म्हणालं तर लोक ऐकणारच. आणि आपण कोण त्यांना नावं ठेवणार? आपल्या होस्टेलमधली निम्मी जनता गावाहूनच आली आहे. डिग्री हातात पडल्यावर त्यातले किती जण परत जाणार आहेत? हात वर करा बघू! शहरात फ्लॅट बुक करायची स्वप्नं बघत 'गाव आहे तसंच राहू दे' म्हणणं फार सोपं असतं.

'नाही' म्हणणाऱ्यांनीही 'स्टॉप ग्रान स्काला' नावाची आघाडी उभारली. जुगाराच्या पैशावर गाव जगवायचं का, हा त्यांचा एक मुद्दा. या माळावर माळढोकाच्या कुळातले पक्षी राहतात, त्यांचं काय, हा दुसरा. आणि सगळ्यात मोठा मुद्दा पाण्याचा. गंमत बघा, याच आरागॉनमधले लोक एब्रो नदीचं पाणी दुसऱ्या प्रांतांना वळवायच्या योजनेविरुद्ध हजारोंनी रस्त्यावर उतरले होते. ती योजना २००४ मध्ये रद्द झाली. आणि २००८ मध्ये आरागॉनची राजधानी सारागोसा इथे जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचा विषय काय? 'पाणी आणि शाश्वत विकास'!

आता आपलं काम: कॅल्क्युलेटर काढा. वर्षाला अडीच कोटी पाहुणे, प्रत्येकी एक दिवस, माणशी २०० लिटर धरू. झाले वर्षाला ५०० कोटी लिटर, म्हणजे ५० लाख घनमीटर. वाचून डोळे फिरतात. पण थांबा. त्याच भागात कालव्याच्या पाण्यावर मका घेतात, त्याला हेक्टरी साधारण ७,००० घनमीटर लागतं. म्हणजे आपले ५० लाख घनमीटर ७०० हेक्टर मक्याला पुरतील. हॉटेलातले मुक्काम आणि गोल्फचं गवत धरून आकडा तिप्पट करा, तरी २,१०० हेक्टर. आणि तिथली मोठी कालवा योजना भिजवते एक लाख हेक्टरहून जास्त जमीन. म्हणजे सरासरी वर्षात थीम पार्क 'सगळं पाणी पिऊन टाकेल' हे काही खरं नाही. हे वाचून 'हो' पार्टी टाळ्या वाजवेल. एवढ्यात वाजवू नका!

कारण धरण सरासरी वर्षासाठी बांधत नाहीत, हे आपल्याला शिकवलंय. आठवतंय ना, सिंचन प्रकल्पाला ७५ टक्के विश्वासार्हता धरतात, म्हणजे चार वर्षांतलं एक वर्ष तुटीचं जाणार हे आधीच मान्य असतं. पिण्याच्या पाण्याला ती सवलत नाही, ते दर वर्षी मिळालंच पाहिजे. कोरड्या भागातला सगळा खेळ या फरकावर चालतो. स्पेनमध्ये २००५ साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हा शेतकऱ्यांच्या पाण्यात कपात झाली. शेतकरी एक हंगाम रान पडीक ठेवू शकतो. पोटाला चिमटा बसतो, पण तो ठेवतो. ७० हॉटेलांचे नळ मात्र एक हंगाम बंद ठेवता येत नाहीत. मग वाईट वर्षी कात्री कुणाच्या वाट्याला लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: 'पाणी किती लागेल?' हा अर्धा प्रश्न झाला. 'वाईट वर्षी कुणाचं तुटेल?' हा पूर्ण प्रश्न. आणि जे पाण्याचं, तेच पैशाचं.

पैशाचं वाईट वर्ष लगेचच आलं. २००८ मध्ये जगभर मंदीची लाट आली आणि स्पेनचं कंबरडंच मोडलं. अडीच कोटी पाहुण्यांचा आकडा तर आधीपासूनच तपासण्यासारखा होता. २००७ मध्ये अख्ख्या स्पेनमध्ये आलेले परदेशी पर्यटक सुमारे ५.९ कोटी. पॅरिसच्या डिस्नेलँडला तेव्हा वर्षाला दीड कोटीच्या आसपास लोक येत. सारागोसाच्या प्रदर्शनाला तीन महिन्यांत आले साधारण ५६ लाख. आणि समुद्र नाही, सावली नाही अशा माळावर अडीच कोटी? साधा त्रैराशिकाचा प्रश्न! तरीही २००९ मध्ये आरागॉनच्या विधिमंडळाने अशा अवाढव्य करमणूक केंद्रांसाठी खास कायदा पास केला. सत्ताधारी आणि मुख्य विरोधी पक्ष, दोघांनी मिळून. विरोध केला तो छोट्या पक्षांनी. म्हणजे सरकारने आपल्या बाजूची तयारी केली, शेतकऱ्यांनी जमिनी विकत देण्याचे करार केले. कंपनीचे अब्जावधी युरो मात्र कागदावरच राहिले. मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि काही वर्षांत सगळं विरून गेलं. एक हॉटेलसुद्धा उभं राहिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, 'मग बरंच झालं, माळ वाचला!' माळ वाचला हे खरं. पण गावाची ती वर्षं कोण परत देणार? करारात अडकलेल्या जमिनीवर कुणी नवं काही करायला धजत नाही. शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लागतात ती वेगळीच. आणि मूळ दुखणं, म्हणजे पोरं गाव सोडून जातात, ते तसंच राहतं. 'हो' म्हणणारे हरले, पण 'नाही' म्हणणाऱ्यांनाही गाव काही भरून मिळालं नाही.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटतंय? २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात आयपीएलच्या मैदानांवरच्या पाण्याचा वाद मुंबई हायकोर्टात गेला आणि ३० एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश निघाला. मैदानाला लागणारं पाणी राज्याच्या हिशेबात किती? चिमूटभर! पण ते वर्ष वाईट होतं, म्हणून त्या चिमटीलाही किंमत आली. उद्या आपल्याकडच्या एखाद्या कोरड्या तालुक्यात वॉटर पार्कचा किंवा रिसॉर्टचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्याचा रिपोर्ट टाईप करणारे, ड्रॉईंगवर सही करणारे आपल्यातलेच कुणी तरी असणार. मी स्वतः सिव्हिलची, म्हणजे पहिला नंबर कदाचित माझाच लागायचा.

तेव्हा तीन गोष्टी मागू या. एक, पाण्याचा हिशेब सरासरी वर्षाचा नको, दुष्काळी वर्षाचा द्या, आणि तो गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. दोन, कंपनीने ठराविक रक्कम आधी बँकेत ठेवावी. प्रकल्प बारगळला तर ती गावाची. तीन, सरकार जितका खर्च आणि जितके कायदे थीम पार्कसाठी करायला तयार आहे, त्याच्या दहावा हिस्सा तरी गावातल्या शाळेवर, एसटीवर, शेतमालाच्या प्रक्रियेवर करून बघा. कदाचित पोरं थांबतीलही!

यातलं काहीही विकासाच्या विरोधात नाही. उलट ज्याचा प्रकल्प खरा आहे, त्याला या तीन अटींची भीती वाटायचं कारणच नाही. पळून जाईल तो ज्याचं गणित फक्त चांगल्या वर्षात सुटतं.

पुढच्या जीडीला हा विषय निघाला तर 'समतोल' म्हणून बसू नका. सरळ विचारा, 'सर, वाईट वर्षाचा हिशेब दाखवता का?' सिलेक्ट व्हाल की नाही, याची गॅरंटी मी देत नाही. पण प्रश्न तरी बरोबर विचारला असेल!

– एक विद्यार्थिनी, टी. ई. (सिव्हिल)