चांदवडचा रंगमहाल: ‘नक्षीकाम’ म्हणून भागणार नाही

१/ चांदवडच्या रंगमहालाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा त्यांखाली बहुधा एकच ओळ असते: ‘सुंदर नक्षीकाम’. कधी ‘राजस्थानी शैली’ अशी पुस्तीही जोडली जाते. पहिले वर्णन आळशी आहे, दुसरे चुकीचे.

२/ होळकरांच्या या १८ व्या शतकातील वाड्याचे सौंदर्य लाकडी बांधणीतून येते. मराठी सुतारकामात अशा बांधणीच्या प्रत्येक अंगाला नाव आहे. छताचा भार तुळईवर, तुळईचा हस्तावर, हस्ताचा खांबावर आणि खांबाचा दगडी तळखड्यावर.

३/ तळखडा शोभेचा दगड नव्हे. तो लाकडाला जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवतो. जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना तो सिमेंटच्या फरशीत बुडवणारा माणूस खांबाच्या पायाशी ओल आणि वाळवी बोलावतो.

४/ महिरपीचे उलट. दगडी कमान भार वाहते. दोन खांबांमधली लाकडी महिरप बहुधा शोभेचीच असते, वजन वरची तुळई पेलते. तिच्यातून खाली लोंबते ते केळफूल.

५/ वर निमुळता होत जाणारा, पायथ्याशी पाने कोरलेला खांब म्हणजे ‘सुरू’. हे नाव एका झाडाचे, फारसी ‘सर्व’वरून आलेले. ही घडण मोगल दरबारातून मराठी वाड्यांत आली आणि राजस्थानातील महालांतही तिथूनच गेली. दोन भावंडे सारखी दिसतात म्हणून एक दुसऱ्याचे अपत्य ठरत नाही. ‘शुद्ध स्वदेशी’चा दावाही या एका शब्दापुढे टिकत नाही.

६/ ‘पर्यटकाला एवढे शब्द कशाला?’ असा आक्षेप येतो. येवल्यात पैठणी घेणारी गिऱ्हाइके काठ, पदर आणि बुट्टी यांतला भेद जाणतात. त्यासाठी कोणी पदवी घेत नाही. साडीला जो मान मिळतो, तो खांबाला का नाही?

७/ २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माची ३०० वर्षे थाटात साजरी झाली. त्यांचे नाव फलकांवर झळकते. त्यांच्या काळातील सुतारांची भाषा मात्र कोणत्या फलकावर दिसते? ज्या भागाचे नाव हरवते, त्याचे काम विस्मरणात जाते आणि दुरुस्तीत पहिला घाव त्यावरच पडतो. तुळई, हस्त, सुरू, महिरप, तळखडा: पाच शब्द. रंगमहालाच्या दाराशी एवढे लिहायला एक पाटी पुरेल.