फ्लेमिंगो उतरण्याआधी ठाणे खाडीत या!

विटावा, ऐरोली, कोपरी, मुलुंड, भांडुप... खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. पाऊस सरला. चार महिने नाल्यांनी वाहून आणलेला कचरा तिवरांच्या मुळांत अडकून बसला आहे. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, फाटकी जाळी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोडलेलं निर्माल्यसुद्धा! थंडीची चाहूल लागताच फ्लेमिंगो येऊ लागतील. त्याआधी हे निघायला हवं.

ही खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ आहे. पण अभयारण्याची हद्द नाल्यातून येणाऱ्या पिशवीला कळत नाही.

खाडीच्या चिखलात हवा जेमतेम असते, म्हणून तिवराची मुळं वीतभर वर येऊन श्वास घेतात. त्यांवर प्लास्टिकचा थर बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. तिवर गेलं की त्याच्या आडोशाने वाढणारी कोळंबी आणि चिंबोरी जाते, कोळीवाड्याची मिळकत जाते. शिवाय उन्हाने पिचून प्लास्टिकचा चुरा झाला, की तो चिखलातून कुणालाच वेचता येणार नाही. इथे जेसीबी घालणं म्हणजे मुळंच मोडणं. हा कचरा माणसांनी हातानेच काढायचा आहे.

कोजागरीचं उधाण ओसरलं की सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी फार चढत नाही आणि ओहोटी दुपारच्या सुमारास मिळते. तेच दिवस धरा. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका. वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी आधी बोला आणि वाटा जाणणाऱ्या कोळी बांधवांना सोबत घ्या. गमबूट, जाड हातमोजे, गोणपाटाच्या गोण्या आणा. मुळांवर पाय देऊ नका. गुंतलेलं जाळं ओढू नका, कात्रीने कापून सोडवा. आत जिवंत चिंबोऱ्या असतात. काढलेला कचरा काठावर जाळू तर मुळीच नका.

ज्यांना चिखलात उतरणं झेपत नाही, त्यांनी गोण्या रस्त्यापर्यंत पोचवाव्यात, पाणी पाजावं. तेही मोठं काम आहे.

आणि रात्री तिवरांत राडारोडा ओतणारा डंपर दिसला, तर एकट्याने अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा टिपून त्याच रात्री पोलिसांना, वनविभागाला आणि महापालिकेला कळवा. दखल घेतली जाईपर्यंत विचारत राहा.