सूर्येचे पाणी आणि डहाणू-तलासरीची तहान

वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाणीटंचाईवर चर्चा करावी लागणे, हा पालघर जिल्ह्याच्या नशिबी आलेला विरोधाभास आहे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या पूर्व पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात ओढेनाले दुथडी भरून वाहतात. मात्र मार्च उजाडताच नदीपात्रात खडक उघडे पडतात आणि कोरड्या पात्रात डवरे खणून वाटी-वाटीने पाणी भरण्याची वेळ महिलांवर येते. येथे पाऊस कमी पडत नाही. तो थांबत नाही. कातळाच्या थरात पाणी फारसे मुरत नाही आणि तीव्र उतारामुळे काही तासांतच ते समुद्राची वाट धरते. तलासरीतून वाहणारी वरोळी तर गुजरातेत शिरून सागराला मिळते.

या प्रश्नाची दुसरी बाजू वाटपाची आहे. सूर्या प्रकल्पातील धामणी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 276 दशलक्ष घनमीटर आहे. डहाणू, पालघर व विक्रमगड तालुक्यांतील सुमारे 14,700 हेक्टर जमीन भिजविणे, हे या प्रकल्पाचे मूळ उद्दिष्ट होते. आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या याच आश्वासनावर. पुढे मुंबईच्या उत्तरेकडील शहरे फुगत गेली आणि धरणातील पाण्यावर पिण्यासाठीची आरक्षणे वाढत गेली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची 403 दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची योजना हा त्यातील सर्वांत मोठा टप्पा. त्यापैकी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी, तर 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. ही योजना पूर्ण क्षमतेने चालल्यास वर्षाकाठी सुमारे 147 दशलक्ष घनमीटर, म्हणजे धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून अधिक पाणी तिला लागेल.

शहरांची तहान खोटी आहे, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र तिच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. 2011 च्या जनगणनेनुसार डहाणू व तलासरी तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण ठरविले आहे. त्यानुसार या लोकसंख्येची वर्षाची गरज होते जेमतेम 11 दशलक्ष घनमीटर. धामणीच्या साठ्याच्या तुलनेत हे चार टक्के! तेव्हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पाण्याच्या अभावाचा नाही, तर ते साठविण्याचा आणि पोहोचविण्याचा आहे.

हे पोहोचविणे अर्थातच सोपे नाही. येथील एकेक महसुली गाव दूरवर विखुरलेल्या पाड्यांचे बनलेले असते. दहा-पंधरा घरांच्या, टेकडीवरील पाड्यापर्यंत जलवाहिनी नेण्याचा माणशी खर्च शहरातील खर्चाच्या कितीतरी पट होतो. शिवाय विहीर उन्हाळ्यात आटत असेल, तर तिच्यावर बसविलेला नळ टंचाईच्या महिन्यांत कोरडाच राहतो. म्हणून पाड्यांसाठी मोठ्या वाहिन्यांपेक्षा झऱ्यांचे संरक्षण, ओहोळांवरील बंधारे आणि मे महिन्यापर्यंत टिकणाऱ्या उद्भव विहिरी यांवर आधी खर्च होणे शहाणपणाचे ठरेल. तलासरी तालुक्यात दापचरी दुग्ध प्रकल्पाच्या निमित्ताने उभे राहिलेले कुर्झे धरण आहे. स्थानिक गरजेसाठी त्याचा पुरेपूर वापर हा सूर्येचे पाणी डोंगर चढविण्यापेक्षा जवळचा मार्ग आहे.

मागणीच्या बाजूनेही शिस्त हवी. उघड्या कालव्यांतून होणारी गळती रोखली आणि बंद नलिकांतून पाणी दिले, तर तेवढ्याच पाण्यात अधिक क्षेत्र भिजेल. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूच्या बागांना ठिबक सिंचन मानवते. शहरांनीही वाहिन्यांतील गळती आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांचा हिशेब देऊनच वाढीव पाणी मागावे.

राज्याच्या 2003 च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना स्थान दिले होते. 2011 मध्ये तो क्रम बदलून शेती दुसऱ्या स्थानी आली. परंतु कागदावरचा क्रम आणि कालव्यातील पाणी यांची गाठ पडतेच असे नाही. समन्यायी वाटपाचे तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. जायकवाडीसाठी त्याचा आग्रह धरला गेला, कारण मराठवाड्याला राजकीय आवाज होता. जिथे दर दहा माणसांपैकी नऊ आदिवासी आहेत आणि दिवाळीनंतर अनेक घरे कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जगायला जातात, त्या तलासरीसाठी तेवढा आवाज कोण उठविणार?

आता वाढवण बंदर मंजूर झाले आहे. त्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. बंदरामागे वसाहती येतील, गोदामे येतील आणि पाण्याची नवी मागणीही येईल. ती येण्यापूर्वीच दोन्ही तालुक्यांच्या पिण्याच्या व सिंचनाच्या पाण्याचा वाटा निश्चित करून दरवर्षी तो जाहीर केला गेला पाहिजे. अन्यथा नव्या मागणीची सोय होईल आणि डवऱ्याभोवतीची रांग मात्र तशीच राहील.