पुराच्या बोटीची निवड : हलकी की मोठी?



आपल्या कार्यक्षेत्रातील एका नदीकाठच्या गावची बरीच मंडळी नोकरी-धंद्यानिमित्त बोरीवलीस स्थायिक झाली आहेत. गावाकडचा ऊस भावाच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असला, तरी त्यांचे मन इकडेच असते. या मंडळींनी आपसात वर्गणी काढून गावाला पुरासाठी हवा भरायची एक रबरी बोट द्यायचे ठरविले आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. त्यांनी दोन बोटींची दरपत्रके आणली आणि कोणती घ्यावी याबद्दल कारखान्याकडे विचारणा केली. पुराच्या दिवसांत बांधाबांधावर फिरणारे खाते म्हणून हा कागद शेतकी विभागाकडे आला. निर्णय गावकरी आणि देणगीदार घेतील. मी माझे मत स्पष्टपणे मांडतो. नदीकाठच्या इतर गावांनाही आज ना उद्या हाच प्रश्न पडणार आहे.

पहिली बोट सुमारे साडेसात फुटांची आहे. तळाला लाकडी पट्ट्या, कापड पीव्हीसीचे, वजन पंचवीस किलोच्या आसपास. तिच्यावरच्या पाटीप्रमाणे ती तीन माणसे किंवा ३५० किलो घेते. दुसरी सुमारे अकरा फुटांची. तळ ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा, कापड हायपालॉन जातीचे, वजन साठ किलोच्या पुढे. ती पाच माणसे किंवा ६०० किलो घेते आणि मागे इंजिन बसवायची सोय आहे. दुसरीची किंमत पहिलीच्या दुपटीहून थोडी जास्त, आणि इंजिन घेतल्यास ते वेगळे.

बोरीवलीच्या मंडळींचा ओढा पहिलीकडे आहे, आणि त्यामागे त्यांचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस झाला. आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्षभरातही एवढा पडत नाही. बोरीवलीतून वाहणारी दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येते आणि श्रीकृष्ण नगर, दौलत नगर अशा दाट वस्तीतून खाडीला मिळते. डोंगराचे पाणी एकदम उतरते आणि त्यातच समुद्राची भरती असली, की नदीला पुढे जायला वाट राहत नाही. तळमजल्यात पाणी शिरायला वेळ लागत नाही. पण भरती ओसरली आणि पाऊस थांबला की पाणी उतरू लागते. अशा ठिकाणी गल्लीबोळांतून दोघांनी उचलून न्यावी, एखाद्या आजीला बसवावे आणि कमरेएवढ्या पाण्यातून दोराने ओढत आणावे, यासाठी छोटी बोट उत्तम. त्यांच्या सोसायटीसाठी मीही तीच सांगितली असती.

आपल्याकडचे पाणी मात्र वेगळ्या जातीचे आहे. कृष्णा हळूहळू फुगते आणि फुगली की दिवसच्या दिवस हलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय ते समजा. गावाला वेढा पडला की घरापासून कोरड्या रस्त्यापर्यंत मैल-दीड मैल पाणी असते. खाली बुडालेला ऊस, विहिरीचे कठडे, द्राक्षबागेचे अँगल आणि तारा. पायाला जमीन लागत नाही, त्यामुळे बोट ओढत नेण्याचा प्रश्नच नाही. आपण लागणीचे बेणे निवडताना काय करतो? चोपण रानात ०२६५ लावतो, चांगल्या निचऱ्याच्या रानात ८६०३२ लावतो. शेजाऱ्याचा फड बघून डोळे झाकून बेणे आणत नाही. रान बघून जात, तशी पाणी बघून बोट.

मागील महिन्यात कामानिमित्त मुंबईस गेलो असता या मंडळींनी दोन्ही बोटी नमुना म्हणून मागवून इमारतीच्या आवारात मला दाखविल्या. पायपंपाने छोटी दहा-बारा मिनिटांत फुगली, मोठीला पंचवीस मिनिटे लागली. मग मी एक साधी गोष्ट करायला लावली. दोन तरुणांना वल्ही घेऊन बसविले आणि म्हटले, आता उरलेल्या जागेत माणसे घ्या. छोटीत एक प्रौढ माणूस बसला आणि जागा संपली. मोठीत तीन बसले आणि त्यांच्या पायाशी एक गाठोडे राहिले. तेथील एक तरुण म्हणाला, "काका, पण एका मोठीच्या पैशात दोन छोट्या येतात की! एक अडकली तर दुसरी धावेल." मुद्दा रास्त आहे. पण हिशेब करून बघा. दोन छोट्या बोटींना चार वल्हवणारे लागतात आणि एका खेपेत दोन माणसे निघतात. एका मोठ्या बोटीला दोघे पुरतात आणि तीन माणसे निघतात. पुरात गावात वल्हवता येणारी चार धड माणसे सापडणे हेच आधी अवघड. त्यातून आजारी माणसाला आडवे न्यायचे झाले, किंवा बाळंतिणीला न्यायचे झाले, तर छोटी बोट निरुपयोगी.

तळाचाही विचार करावा. पट्ट्यांचा तळ पायाखाली लवतो. घाबरलेला माणूस उभा राहिला की बोट कलते. फळ्यांचा कडक तळ माणसाला धीर देतो. कापडाचे म्हणाल, तर पीव्हीसी स्वस्त आहे, पण आपल्या उन्हात लवकर कडक पडते. दुसरे कापड ऊन आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसते. कप्पे दोन्ही बोटींना वेगवेगळे आहेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीच्यांवर बोट तरते. पण मोठीला कप्पे जास्त आहेत, आणि काटेरी तारांच्या मुलखात ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा माझे मत असे : बोट मोठीच घ्यावी, पण इंजिन पहिल्या वर्षी घेऊ नये. हे ऐकून काहीजण नाराज होतील. इंजिनाशिवाय बोट म्हणजे बैलाशिवाय गाडी, असे एका सभासदाने मला तोंडावर सांगितले. परंतु बुडालेल्या उसाचा पाला पंख्यात गुंतला की इंजिन जागच्या जागी बंद पडते. पाण्यात माणूस असताना पंखा चालू राहिला तर जीव वाचवायला गेलेली बोटच जीव घेते. इंजिन चालविणाऱ्याच्या मनगटाला बंद करायची दोरी बांधलेली असावी लागते. माणूस उचलताना ते बंद करायची सवय अंगी मुरावी लागते. ही शिकवणी झाल्यावर दुसऱ्या वर्षी छोटे इंजिन अवश्य घ्यावे. तोवर वल्ह्यांवर, फक्त फुगीच्या संथ पाण्यात, दोर बांधून काम करावे. नदीच्या मुख्य धारेत गावच्या बोटीने कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. ते काम लष्कराचे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे. त्यांच्या बोटी, त्यांची इंजिने आणि त्यांचा सराव वेगळा असतो. इंजिनाचे वाचलेले पैसे लाईफ जॅकेटवर घालावेत. जॅकेट जितकी, तितकीच माणसे बोटीत. यात लहान मुलांच्या मापाचीही हवीत.

ब्रह्मनाळची आठवण काढताना हात कापतो, पण काढली पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील या गावात पुरातून माणसे हलविताना बोट उलटली आणि १७ जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. त्यात कुणाची हौस नव्हती. पाणी वाढत होते, बाया-मुले काठावर होती, कुणाला मागे ठेवायचे? हा प्रश्न बोट कोणतीही घेतली तरी आपल्यापुढे येणारच. म्हणून त्याचे उत्तर आजच, कोरड्या जमिनीवर द्यावे. बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात "माणसे पाच, वल्हवणाऱ्यांसह" असे रंगवून घ्यावे. एका माणसाला बोटीचा मुखत्यार नेमावा. त्याने "नाही" म्हटले की सरपंचांनी, संचालकांनी आणि सख्ख्या भावानेही ऐकावे. असा ठराव ग्रामसभेत होत नसेल, तर माझ्या मते बोट घेऊच नये.

आता सांभाळण्याविषयी. बोट घडी घालून गोदामात टाकली, की पहिला पाहुणा उंदीर. खताच्या पोत्यांशेजारी तर अजिबात नको. धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, थोडी हवा ठेवून छताला पट्ट्यांनी टांगावी. दरवर्षी मे महिन्यात पूर्ण फुगवून एक दिवस-रात्र ठेवावी. सकाळी मऊ लागली तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. ठिगळाचे सामान आणि पायपंप बोटीलाच बांधलेला असावा. आणि महत्त्वाचे म्हणजे, तुटलेल्या उसाच्या फडातून बोट कधीही ओढू नये. आपल्या खोडक्या सुरीसारख्या असतात, हे टोळीवाल्यांच्या पायांना विचारा. चौघांनी उचलूनच न्यावी.

शेवटी एक भीती बोलून दाखवितो. बोट आली की लोक म्हणतील, आता घाई कशाला, बघू उद्या. जनावरांपायी आपण तसेही उशिरा निघतो. या बोटीत म्हैस बसणार नाही. कोयनेतून विसर्ग वाढविल्याची दवंडी झाली, की जनावरे आधी, म्हातारी माणसे आणि मुले त्यांच्याबरोबर, आणि धडधाकट मागाहून, असे पायी नाहीतर ट्रॅक्टरने निघावे. ज्या वर्षी बोट एकदाही पाण्यात घालावी लागली नाही, त्या वर्षी गावाने शहाणपणा केला असे मी म्हणेन.

बोरीवलीकर मंडळींना विनंती की, दोन्ही दरपत्रके घेऊन ग्रामसभेस स्वतः यावे. आपल्या गटातील शेतकी कर्मचारी त्या दिवशी हजर राहतील. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी गट कार्यालयात जरूर कळवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी