आधी कागद, मग संगणक



ऊसनोंद, तोडणी, वजन आणि बिलं यांसाठी नवी संगणक प्रणाली घेण्याची चर्चा चालू आहे. ती घ्यावी, याबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ऑर्डर देण्याआधी आपल्याला काय पाहिजे ते लिहून काढा. संगणकवाले त्याला 'रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन' म्हणतात. आपण गरजांचा कागद म्हणू.

युरोपचं एरियन-५ रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात मिनिटाच्या आत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्रॅम जुन्या एरियन-४ वरून तसाच उचललेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा प्रोग्रॅमच्या खान्यात मावला नाही. चौकशीत निघालं, की नव्या रॉकेटचा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या गरजांच्या कागदात घातलाच नव्हता. कागदावर नव्हतं, म्हणून तपासलंही गेलं नाही.

आपलंही तसंच होऊ शकतं. शहरात बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला आडसाली आणि खोडवा कुठून कळणार? त्यानं सगळा ऊस बारा महिन्यांचा धरला, तर जुलैतल्या आडसालीला पुढच्या जुलैत तोड दाखवील. तेव्हा कारखाना बंद!

कागद मोघमही नको. 'बिल लवकर मिळावं' एवढ्यानं भागत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. मग लिहा: 'मुदतीआधी बाकी बिलांची यादी निघावी, उशिराचं व्याज आपोआप धरावं.' हे तपासून बघता येतं. तसंच, वीज गेली तर काट्यावर पावती कशी द्यायची? सभासद वारला किंवा खातेफोड झाली, तर नोंद कुणाच्या नावे?

हे सगळं एकट्या ऑफिसानं लिहू नये. काट्यावरचा कारकून, चिटबॉय, तोडणी मुकादम आणि चार सभासद यांना बसवून लिहावं. कागद वार्षिक सभेत वाचावा. प्रणाली आली की कलमवार तपासावी, मगच शेवटचा हप्ता द्यावा.

गवंड्याला दार कुठं पाहिजे ते जोत्याच्या वेळी सांगावं लागतं. भिंत उठल्यावर ती फोडायची, तर खर्च आपल्याच उसाच्या पैशातून जाणार.

— एक सभासद