तसबीर कुणाची लावायची?

2018 सालच्या जानेवारीत पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत मुरलीकांत पेटकर हे नाव आले. त्याच सुमारास आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या तालमीला यात्रेआधीची रंगसफेदी चालली होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ओट्यावर मांडल्या होत्या. खाशाबा जाधव, श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने. माझा पुतण्या वर्तमानपत्रातून कापून मोठा करून घेतलेला एक फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "तात्या, ह्यो बी लावायचा. आपल्या इस्लामपूरचा हाय."

मी फोटो पाहिला आणि नाही म्हणालो. नुसता नाही म्हणून थांबलो असतो तर आज हे लिहिण्याची पाळी आली नसती. परंतु पंचवीसेक माणसे जमलेली, त्यांत वयाने मी मोठा, तेव्हा मी कारणेही दिली. म्हणालो, "हा गडी मूळचा बॉक्सर. मोजे घालून गुद्दागुद्दी करणाऱ्याचे तालमीत काय काम? आणि पदक म्हणशील तर ते पोहण्याचे, तेही पांगळ्यांच्या शर्यतीतले. सरकारने द्यायचा तो मान दिला, आपण नमस्कार करावा. पण खाशाबाच्या शेजारी?" माना डोलल्या. पोराने फोटोची गुंडाळी केली आणि तो निघून गेला.

हे शब्द मी परत घेत आहे. मात्र माफी मागणाऱ्याच्या अंगी जी नम्रता असावी ती मला साधेलच असे नाही. कारण त्या दिवशी डोललेल्या माना केवळ कोऱ्हाळ्याच्या नव्हत्या. साऱ्या महाराष्ट्राची मान या बाबतीत जवळजवळ पन्नास वर्षे डोलत आली आहे.

पेटकर कोण हे आज चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक झाले आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा. लहानपणी कुस्तीच खेळत असे. पुढे सैन्यात गेला, ईएमई दलात मुष्टियुद्ध शिकला आणि 1964 साली टोकियोत झालेल्या सैनिकी क्रीडास्पर्धेत उतरला. पुढच्याच वर्षी, 1965 च्या युद्धात, शरीराची गोळ्यांनी चाळण झाली. एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन बसली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले, आणि उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. 1968 साली तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पोहून काढली आणि सुवर्णपदक घेतले. तो त्या प्रकारातला जागतिक विक्रम होता. याच स्पर्धेत भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीतही ते उतरले होते.

आता माझ्या पहिल्या आक्षेपाकडे वळतो, म्हणजे बॉक्सर असण्याकडे. आम्हा नीरेकाठच्या लोकांना मुष्टियुद्ध हा खेळच वाटत नाही, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, सोमेश्वरचा कारखाना आला, पण खेळ म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर तांबडी माती, लंगोट आणि हलगी एवढेच उभे राहते. कुस्तीत म्हणे अक्कल लागते, डाव लागतो, गुद्देबाजीत नुसता राग. मी स्वतः हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही, आणि बोलताना एकही मुष्टियुद्ध मी नीट पाहिलेले नव्हते. पुतण्याने पुढे मला काही लढती दाखविल्या. पायांच्या हालचालींवर सारा खेळ उभा असतो, हे तेव्हा मला दिसले. ठोसा हातातून निघत नाही, तो टाचेतून, कमरेतून वर चढत येतो. आणि मग पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले की कण्यातल्या त्या गोळीने पेटकरांचे नेमके काय नेले. ज्याचा धंदाच पायांवर त्याचे पाय गेले. अशा माणसाला उरलेल्या दोन हातांनी दुसरा खेळ नव्याने बांधावा लागला, आणि त्यात तो जगात पहिला आला.

मुष्टियुद्धाच्या जगात खेळाडूला कमी लेखण्याची एक मोठी गोष्ट आहे, आणि ती त्याच 1964 सालची. फेब्रुवारीत मायामीला बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, सॉनी लिस्टनसमोर उभा राहिला. तिथे जमलेल्या 46 क्रीडालेखकांपैकी 43 जणांनी लिस्टन जिंकणार असे सांगितले होते. सातव्या फेरीची घंटा झाली तेव्हा लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्लेने तिथल्या तिथे त्या लेखकांना उद्देशून आरोळ्या ठोकल्या, की आपले शब्द गिळा. त्यांना ते गिळावेही लागले. आमच्या पेटकरांना अशी आरोळी ठोकण्याची संधीच आम्ही दिली नाही. ते हरतील असे भाकीत तरी कुणी केले होते? ते खिजगणतीतच नव्हते. पदक घेऊन परतलेला हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरीला लागला. माझ्या गावापासून एस.टी.ने दोन-तीन तासांवर. खाशाबांची गोष्ट पोरांना सांगत मी हयात घालवली, आणि पुण्याला तर मी बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला शंभरदा गेलो असेन.

दुसरा आक्षेप पोहण्याचा. त्याचे उत्तर मला विहिरीत मिळाले.

आमच्या भागात पोहणे कुणी शिकवत नाही. पाठीला भोपळा बांधतात आणि ढकलून देतात. मी पट्टीचा पोहणारा म्हणून गावात नाव होते. त्या उन्हाळ्यात विहिरीवर पोरे मुटके मारीत होती, मी काठावर बसून सूचना देत होतो, तेव्हा पुतण्या म्हणाला, "तात्या, पाय बांधून हीर वलांडून दावा की." त्याच्या मनात तालमीतला दिवस होता हे मी ओळखले. साठी उलटलेली, तरी मी उतरलो. घोटे उपरण्याने करकचून बांधले. विहीर चाळीस फूट रुंद; पन्नास मीटर भरायचे तर चार वेळा आरपार जायला हवे. पहिल्या खेपेलाच पाय शिळेसारखे खाली ओढू लागले. छाती वर, कंबर खाली, आणि हात पाणी कापण्याऐवजी नुसते मला तरंगत ठेवण्यात खर्ची पडू लागले. दुसऱ्या खेपेत निम्म्यावर मोटारीचा पाइप हाताला लागला तो मी धरला, आणि तो सोडण्याची हिंमत झाली नाही. पोरे हसली. पुतण्या हसला नाही. त्याने मोबाइलवर वेळ लावली होती, ती त्याने मला दाखविलीही नाही.

वर येऊन उपरणे सोडताना एक गोष्ट मनात आली. माझे पाय बांधलेले होते, मेलेले नव्हते. घाबरल्यावर मी ते दोन्ही मिळून झटकत होतो, मासोळीसारखे. पेटकरांना तेवढीही सोय नव्हती.

इथे माझे काही मित्र, जे माझ्यापेक्षा शिकलेले आहेत, मला सांगतात की भावनेच्या भरात वाहून जाऊ नका; अपंगांच्या स्पर्धेत खेळाडू थोडे, गट पुष्कळ, त्यामुळे पदक स्वस्त पडते. या युक्तिवादाला मी आता कंटाळलो आहे. लुडविग गुटमान या डॉक्टरने 1948 साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला ज्या स्पर्धा सुरू केल्या त्यांतूनच हायडेलबर्गची स्पर्धा आली, आणि तिथे चाळीसहून अधिक देशांचे हजाराच्या आसपास खेळाडू होते. राहिला प्रश्न गटांचा. कुस्तीत वजनी गट नाहीत काय? खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतले ते बँटमवेटमध्ये. त्यांना कुणी 'हलक्यांच्या कुस्तीतले पदक' म्हटले तर आम्ही त्याला गावात फिरू देऊ का? बरोबरीच्यांत लढवायचे हा न्याय आम्हाला वजनाच्या बाबतीत कळतो, आणि कण्याच्या बाबतीत मात्र कळत नाही.

आणखी एक. पदके स्वस्त होती म्हणता, तर ती घेतली का नाहीत? पेटकरांच्या 1972 नंतर भारताला या स्पर्धेत पुढचे सुवर्ण मिळाले ते 2004 साली, अथेन्सला देवेंद्र झाझडियाच्या भाल्याने. मधे बत्तीस वर्षे गेली. 1972 सालीच म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या वाट्याला एकच पदक आले, हॉकीचे कांस्य. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या वैयक्तिक सुवर्णापुढे 2008 आणि अभिनव बिंद्रा असे छापतात. ऑलिंपिकपुरते ते खरे आहे आणि बिंद्रांचे मोठेपण कुणी हिरावून घेत नाही. पण त्याखाली दुसरी एक ओळ छापायला कागद कमी पडतो काय?

1982 साली पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अर्जुन मिळाला तो 2025 च्या जानेवारीत, जीवनगौरव म्हणून. खाशाबांना तर तो हयातीत मिळालाच नाही. 1984 साली ते अपघातात गेले आणि अर्जुन आला तो पुढे सोळा-सतरा वर्षांनी. आपल्याकडे गौरव नेहमी काठी टेकत येतो. पण त्याबद्दल सरकारला शिव्या देणे मला आता शोभत नाही. दिल्लीने दार उघडल्यावरही कोऱ्हाळ्याच्या तालमीचे दार लावून घेणारा मीच होतो.

2024 साली 'चंदू चॅम्पियन' चित्रपट आला आणि पेटकरांच्या नावाचा गजर सुरू झाला. चांगले झाले. परंतु त्या गजरातला एक शब्द मला खटकतो, तो म्हणजे 'प्रेरणा'. ज्या सभेत जावे तिथे वक्ता म्हणतो की पेटकरांचे जीवन प्रेरणादायी आहे, आणि त्यांची वेळ विचारली तर त्याला सांगता येत नाही. खाशाबांचे वजन, त्यांच्या कुस्त्या, त्यांच्या प्रवासासाठी आपले घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर, हे सारे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. खेळाडूला लक्षात ठेवायची रीत ती. कीव करून एखाद्याला बाजूला बसवता येते, तसेच प्रेरणा म्हणूनही बाजूला बसवता येते; मी पहिले केले, हे लोक दुसरे करतात.

चित्रपट पाहून आल्यावर मी पुतण्याच्या घरी गेलो. फोटोची ती गुंडाळी त्याने कपाटावर जपून ठेवली होती, फक्त कडा पिवळ्या पडल्या होत्या. आम्ही ती बारामतीला नेऊन काचेत बसवून आणली. तालमीत खिळा मी स्वतः ठोकला, खाशाबांच्या उजव्या हाताला. दोघा-तिघांनी कुरबुर केली, मी त्यांना विहिरीवर यायचे आमंत्रण दिले. ते अजून आलेले नाहीत.

खाली काय लिहायचे म्हणून पेंटर ब्रश घेऊन उभा होता. मुष्टियोद्धा लिहू, की जलतरणपटू, की जवान, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "नाव लिही, 1972 लिही, आणि 37.33 सेकंद. आकड्यात चूक करू नकोस." त्याला वाटले ओळ तोकडी दिसते, एखादे वाक्य टाकावे, प्रेरणास्थान वगैरे. "ते टाकलेस," मी म्हणालो, "तर रंगाचे पैसे मिळणार नाहीत."